एकाच शीटवर काळा डक्ट आणि कोरा डक्ट

तळघरातल्या एएचयू रूमचा (एसीची हवा खेळवणाऱ्या यंत्राची खोली) डक्ट लेआउट, म्हणजे हवेच्या पत्र्याच्या नळ्यांचा आराखडा, ऑटोकॅडमध्ये काढलेला, ए-झीरो शीट, स्केल १:५०. शॉप ड्रॉइंग (ज्यावरून डक्ट बनवतात ते) बाहेरच्या एका ड्राफ्टिंग ऑफिसने केलेलं. आम्ही तपासून फॅब्रिकेशनला द्यायचं. प्लॉट काढला तर सप्लायचा मेन डक्ट डांबर ओतल्यासारखा काळा आणि त्यातूनच निघणाऱ्या काही ब्रँच अगदी कोऱ्या. स्क्रीनवर झूम करून पाहिलं तर मेन डक्टवर तिरप्या रेघा व्यवस्थित दिसत होत्या. लेयर एक, पॅटर्न एक, रंग एक.

या शीटवर हॅचला, म्हणजे आकार भरणाऱ्या रेघांच्या नमुन्याला, फार महत्त्व होतं. लेजंडप्रमाणे (शीटवरच्या खुणांच्या सूचीप्रमाणे) तिरप्या रेघा म्हणजे आतून २५ मिमी अकूस्टिक लाइनिंग, जाळी म्हणजे फायर रेटेड डक्ट, भरीव राखाडी म्हणजे जागेवरचा जुना डक्ट. डक्टवर लिहिलेलं माप आतल्या मोकळ्या जागेचं असतं. १२०० × ५०० चा डक्ट लाइनिंगचा असेल तर पत्र्याचं माप १२५० × ५५० धरायचं. हॅच छापलाच नाही तर शॉपमध्ये पत्रा १२०० × ५०० चा बनतो आणि लाइनिंग चिकटवल्यावर हवेला ११५० × ४५० उरतं. क्षेत्रफळ जवळपास १४ टक्के घटतं, तेवढीच हवा न्यायची तर वेग १६ टक्के वाढतो. आवाज दाबायला लाइनिंग घ्यायचं आणि वेग वाढवून आवाज परत आणायचा, असा प्रकार होतो. म्हणून ‘प्लॉटरची गडबड असेल’ म्हणून हे सोडून देता येत नाही.

पहिली तपासणी पीडीएफवर केली. प्लॉटरला न पाठवता, रेघांची जाडी (लाइनवेट) बंद ठेवून डीडब्ल्यूजी टू पीडीएफने शीट काढलं आणि काळा पट्टा ६४०० टक्क्यांपर्यंत मोठा केला. तिथे तो काळा भाग सुट्या, बारीक रेघांमध्ये उलगडला. म्हणजे भरीव फिल नव्हताच. रेघाच इतक्या जवळ होत्या की ०.१८ मिमीच्या पेनने त्या एकमेकींवर चढत होत्या. प्लॉटर, ड्रायव्हर, शाई, सगळे एका फटक्यात संशयातून बाहेर. उलट पट्टा तसाच काळा राहिला असता, तर सीटीबी (रंगानुसार रेघेची जाडी आणि गडदपणा ठरवणारी फाइल) आणि सॉलिड फिलकडे जावं लागलं असतं.

मग मॉडेलमध्ये लिस्ट कमांड दिली. काळ्या हॅचला पॅटर्न ॲन्सी३१ (तिरप्या रेघांचा तयार नमुना), हॅचचं स्केल (नमुना किती पट मोठा करायचा ते) ४०. शेजारच्या एका डक्टवर हॅच नीट छापला होता, त्यालाही ॲन्सी३१, स्केल ४०. इथे पुष्कळ ड्राफ्ट्समन अडकतात, कारण प्रॉपर्टीज दोन्हीकडे सारख्याच दिसतात. खरं काय ते डिस्ट कमांड सांगते. दोन लगतच्या रेघांमधलं काटकोनातलं अंतर मोजलं: नीट हॅचमध्ये १२७ मिमी, काळ्यामध्ये ५ मिमी. भागाकार २५.४.

हा आकडा दिसला की कारण कळतं. ऑटोकॅडमध्ये पॅटर्नच्या दोन फाइली असतात. इंची फाइलमध्ये ॲन्सी३१ च्या रेघांचं अंतर ०.१२५ आहे, मेट्रिक फाइलमध्ये ३.१७५. कोणती वाचायची हे मेझरमेंट हे व्हेरिएबल ठरवतं: ० म्हणजे इंची, १ म्हणजे मेट्रिक. ते प्रत्येक ड्रॉइंगमध्ये सेव्ह होतं. ड्रॉइंग इंची टेम्प्लेटवर सुरू करून नंतर युनिट्समध्ये मिलिमीटर निवडलं, तरी मेझरमेंट ० च राहतं. ०.१२५ × ४० म्हणजे ५ मिमी, १:५० ला कागदावर ०.१ मिमी. मेट्रिकमध्ये तेच ३.१७५ × ४० म्हणजे १२७ मिमी, कागदावर अडीच मिमी. नीट छापलेले हॅच दुसऱ्या, मेट्रिक ड्रॉइंगमधून कॉपी होऊन आले होते. हॅच आपली रेघांची व्याख्या सोबत घेऊन फिरतो, त्यामुळे एका शीटवर दोन्ही जातींचे हॅच नांदत होते.

कोऱ्या ब्रँचचं मूळही हेच निघालं. तिथे स्केल १०१६ होतं, म्हणजे ४० × २५.४. काळेपणा घालवायला कोणीतरी काही हॅच निवडून स्केल वाढवलं आणि त्या निवडीत मेट्रिक हॅचही आले. त्यांच्या रेघांचं अंतर झालं सव्वातीन मीटर. दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद ब्रँचमध्ये एकही रेघ पडली नाही. हॅच ऑब्जेक्ट तिथे होता, रेघ नव्हती. कोरा डक्ट पाहून आधी फिलमोड (हॅच दाखवायचे की नाही ते ठरवणारं व्हेरिएबल) आणि लेयरचं प्रिंटर चिन्ह तपासणं बरोबरच, पण ते ठीक असेल तर स्केल बघा.

दुरुस्ती करताना गुणाकाराच्या वाटेने अजिबात जाऊ नये. आधी मेझरमेंट १ केलं. जुने हॅच त्याने आपोआप बदलत नाहीत. क्यूसिलेक्टने सगळे ॲन्सी३१ हॅच निवडले, प्रॉपर्टीजमध्ये पॅटर्न बदलून दुसराच दिला, परत ॲन्सी३१ दिला आणि स्केल ४० केलं. पॅटर्न फाइलमधून नव्याने वाचला जातो आणि दोन्ही जाती एक होतात. फायर रेटेड डक्टच्या जाळीला, ॲन्सी३७ ला, तेच केलं. एक्सरेफमधले (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगमधले) हॅच त्या-त्या मूळ फाइलमध्ये जाऊनच दुरुस्त करावे लागतात.

यानंतर पंप रूमकडच्या दोन डक्टवर रेघा कमीजास्त अंतराने आणि बाउंड्रीबाहेर डोकावत होत्या. आर्किटेक्टची बेस फाइल सर्व्हेच्या यूटीएम कोऑर्डिनेटवर (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत) होती. पुण्याचं नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) साधारण २० लाख ४८ हजार मीटर, मिलिमीटरमध्ये दोनशे कोटींच्या वर. हॅचचा उगमबिंदू ०,० असेल तर इतक्या लांबून हिशेब करताना अचूकता सुटते. हॅच ओरिजिन डक्टच्या कोपऱ्यावर दिला, रेघा जागेवर आल्या.

राहिला जुन्या डक्टचा राखाडी फिल. त्याला ६० टक्के ट्रान्सपरन्सी दिली होती, पण प्लॉट डायलॉगमधली ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’ची खूण नव्हती, म्हणून फिल पूर्ण अपारदर्शक छापून साइझचे टॅग गिळत होता. खूण केली तर टॅग दिसतात, पण शीट रास्टर (ठिपक्यांचं चित्र) होऊन फाइल जड होते आणि बारीक अक्षरं फुटतात. मी ट्रान्सपरन्सी काढूनच टाकली, सीटीबीमध्ये त्या रंगाला ३० टक्के स्क्रीनिंग दिलं (छपाईत रंग फिका केला) आणि हॅच टॅगच्या मागे ढकलणारी हॅचटूबॅक कमांड चालवली. त्यातला एक फिल ट्रू कलरमध्ये (आरजीबी आकड्यांनी दिलेल्या रंगात) होता. सीटीबी फक्त २५५ इंडेक्स (क्रमांकाच्या) रंगांवर चालतं, ट्रू कलरला हात लावत नाही, म्हणून तो आधी इंडेक्स रंगात आणला.

शीट पुन्हा काढल्यावर कागदावर पट्टी ठेवून दहा रेघांच्या अंतरांची बेरीज मोजली: २५ मिमीच्या किंचित वर. ड्रॉइंगबरोबर त्या ऑफिसला मेट्रिक टेम्प्लेट पाठवला, मेझरमेंट १ करून, लेजंडचे तिन्ही हॅच आधीच काढून ठेवलेला.