लंकेहून परतलेला आंबोलीकर

जुलैतल्या रविवारी आंबोलीला बेडूक बघायला जाऊ नये, एवढं शहाणपण मला दोन फेऱ्या वाया घालवून आलं. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, भाजलेली कणसं आणि कुणाच्या तरी डिकीतून ठणठणणारं गाणं. त्यात अंगठ्याच्या पेराएवढ्या प्राण्याचा आवाज कसा ऐकू येणार? म्हणून यंदा मंगळवार गाठला आणि सावंतवाडीहून उजेडीच घाट चढलो.

अंधार पडल्यावर वाटाड्या काकांबरोबर निघालो. पाऊस चालूच होता. आंबोलीच्या पावसाला सुट्टी नसते, सात हजार मिलिमीटर उगाच होत नाहीत. रस्ता सोडून रानात शिरलो तसं वर झाडांचं छत मिटलं आणि खाली गुडघाभर झुडपं लागली. मी एका फांदीला धरायला गेलो, तर काका ओरडले, "हात खंय लावू नकात, चापडो आसतलो!" चापडो म्हणजे फांदीवर दबा धरून बसणारा विषारी साप. त्यानंतर सगळा तोल मी छत्रीवरच सांभाळला.

आधी दिसला तो मलबारचा उडता बेडूक. डबक्यावर झुकलेल्या पानांना त्याचं फेसाचं घरटं लटकत होतं. पिल्लं त्यातून टपटप पाण्यात पडतात. फोटोला देखणा, सगळ्यांचा लाडका. पण मी आलो होतो दुसऱ्याच एकासाठी.

"वायच थांबा." काकांनी टॉर्च खाली केला. कमरेच्या उंचीवर, एका ओल्या पानाच्या कडेला तो बसला होता. तपकिरी, वाळक्या पानाच्या तुकड्यासारखा. बोटांच्या टोकांना चकत्या होत्या, झाडबेडकांच्या कुळात असतात तशा. झुडपी बेडकांतला एक, शास्त्रीय नाव स्यूडोफिलॉटस आंबोली.

बेडकांचे अभ्यासक सत्यभामा दास बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी २००९ मध्ये पश्चिम घाटातल्या १२ नव्या जाती एकाच शोधनिबंधात मांडल्या. त्यांतली एक ही. तेव्हा तिला फिलॉटस प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या त्या गटात, घातलं होतं, पण ती प्रजाती म्हणजे अडगळीची खोलीच झाली होती. पुढे आवराआवर झाली. भारतातल्या बहुतेक झुडपी बेडकांची २०१० मध्ये राओरचेस्टेस ही वेगळी प्रजाती झाली. नाव बेडकांचे जुने अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ, आणि ते देणाऱ्यांत पुण्याचे योगेश शौचेही होते. आमचा आंबोलीकर मात्र त्या घरात गेला नाही. त्याचं गोत्र निघालं श्रीलंकेचं! स्यूडोफिलॉटसच्या बहुतेक सगळ्या जाती तिकडे आहेत, भारतात जेमतेम काही. फार पूर्वी समुद्र खाली गेला की मधली जमीन उघडी पडायची. त्या वाटेने काही बेडूक लंकेत गेले, तिथे फोफावले आणि त्यांच्यातले काही परत आले, असं जनुकं सांगतात. रामाच्या आधीचा सेतू म्हणायला हरकत नाही.

नावावर जाऊ नये, हे इथे पुन्हापुन्हा पटतं. आंबोलीचं नाव लावणारा हा बेडूक कर्नाटकात कॅसलरॉक, जोग आणि कुद्रेमुखकडेही आहे. उलट प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेलने १९१९ मध्ये नाव दिलेला 'बॉम्बे' झुडपी बेडूकही कॅसलरॉकचाच. तेव्हा ते ठिकाण मुंबई इलाख्यात होतं, एवढाच त्याचा मुंबईशी संबंध.

त्या पानापाशी मी बराच वेळ उकिडवा बसलो. याच्या अंड्यांना डबकं लागत नाही. शेपटीचा सगळा काळ अंड्यातच सरतो आणि बाहेर येतं ते तयार, मुगाएवढं बेडूक. ऐकायला सोय वाटते, पण डबकं नको म्हणजे हवाच ओली हवी. वरचं छत तुटलं, खालचा पाला झाडून नेला, की अंडी सुकलीच. डबकं आपण खणून देऊ शकतो. सावली आणि दमट पाला कुठून आणणार?

सकाळी चहाच्या टपरीवर मावशींना मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला.

"ह्यो? असले आमच्या न्हाणीत आसतत!"

न्हाणीतला तो बहुधा साधा झाडबेडूक, याच कुळातला पण अंगाने मोठा, भिंतीला चिकटून बसणारा. समजावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी गरम भज्यांची बशी पुढे सरकवली.