पोलंडहून पुण्याला एक सरदार आणताना

क्राकोतली नोकरी संपवून परतताना सामानात सगळ्यात अवघड निघाले ते एक मिशाळ गृहस्थ. ६५ बाय ५२ सेंटिमीटर, कॅनव्हासवर तैलरंग. अंगात कोंतुश, म्हणजे पोलिश सरदारांचा लांब झगा, कमरेला रुंद पट्टा, बोटात मुद्रेची अंगठी. ‘अठराव्या शतकातले उमराव’ म्हणत दुकानदाराने ३,८०० झ्लॉटींना दिले.

तिथल्या कायद्याने चित्र ५० वर्षांहून जुनं आणि ४०,००० झ्लॉटींहून महाग असेल तरच ते कायमचं देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. आमचे सरदार वयात बसत होते, किमतीत नाही. सुटलो म्हटलं! पण परवाना लागत नाही हे कस्टमवाल्यांना दाखवायलाही कागद हवाच. आणि माझ्या पावतीवर नुसतं ‘तैलचित्र, १ नग’. मापं, वर्णन आणि फोटोसह नवी पावती मिळवायला तीन खेपा झाल्या.

मग काळ आणि किंमत लिहून देणाऱ्या तज्ज्ञ बाई. त्यांनी चित्राकडे जेमतेम पाहिलं आणि ते पालथं केलं. मागे व्हिएन्नातल्या कॅनव्हास विक्रेत्याचा पुसट शिक्का. त्या म्हणाल्या, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. तेव्हा पोलंड नकाशावर नव्हताच. १७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. क्राको ऑस्ट्रियाकडे होतं, आणि १८६०च्या दशकात तिथे स्वायत्तता आल्यावर लोक आजोबांचा कोंतुश घालून हौसेने चित्रं काढून घेत. दुकानदार पोशाखाला फसला होता, किंवा मला फसवत होता.

अंगठीवरच्या चिन्हावरून नाव सापडेल अशी माझी आशा होती. चिन्ह ओळखलं गेलं, नाव नाही. तिकडे एकच कुलचिन्ह शेकडो घराण्यांचं असतं. आपल्याकडे एकाच देवकाची कितीतरी आडनावं असतात, तसंच.

सगळ्यात धाकधूक चोरीच्या मालाची होती. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या गढ्या लुटल्या गेल्या, १९४४ नंतर उरल्यासुरल्या सरकारजमा झाल्या. पोलंडच्या संस्कृती मंत्रालयाच्या यादीत हरवलेल्या साठ हजारांहून अधिक वस्तू आहेत. दोन रात्री बसून मिशा ताडून पाहिल्या. हे गृहस्थ त्यात नव्हते. इंटरपोलच्या अ‍ॅपवरही नाहीत.

गुंडाळून नेऊ का, विचारल्यावर बाई जवळजवळ ओरडल्याच. इतका जुना रंग तडकून सुटतो. शेवटी फ्रेम वेगळी काढून चित्र लाकडी खोक्यात सपाट बांधलं.

तिकडच्या विमानतळावर फाईल कोणी उघडलीही नाही. मुंबईत मी स्वतःहून लाल मार्गाने गेलो, शुल्क भरलं. पावसाळ्यात आमच्या बाहेरच्या भिंतींना ओल येते, म्हणून सरदार सध्या जेवणाच्या टेबलामागे, आतल्या भिंतीवर आहेत. फोडणीचा धूर तिथवर जातो, ही बायकोची तक्रार बरोबर आहे.