जायंट पेट्रेल: आधी चोचीचं टोक बघा

जायंट पेट्रेल हे मोठे समुद्रपक्षी. त्यांच्या दोन प्रजाती, उत्तरी आणि दक्षिणी. नावात उत्तर-दक्षिण असली तरी दोन्ही दक्षिण गोलार्धातल्याच. १९६६ पर्यंत त्यांना एकच प्रजाती मानत. दोन मीटर पंखविस्ताराचा तपकिरी धिप्पाड पक्षी जहाजामागून येताना पाहिला की ते का, हे लगेच पटतं.

पिसांच्या रंगावरून सुरुवात करू नका, वयानुसार तो फार बदलतो. आधी चोचीचं टोक बघा. चोच दोघांचीही पिवळसर, पण दक्षिणीचं टोक फिकट हिरवट, तर उत्तरीचं लालसर तपकिरी. लांबून हिरवा रंग कळत नाही, त्यामुळे दक्षिणीची चोच सगळी एकसारखी फिकट वाटते. उत्तरीचं टोक मात्र काहीसं गडद, बुडवून काढल्यासारखं दिसतं.

इथेच चकवा बसतो. हे पक्षी सीलच्या मढ्यात डोकं घालून खातात, त्यामुळे रक्ताने माखलेली दक्षिणीची चोच उत्तरीची वाटू शकते. फोटोत चोच जास्त उजळली की टोकाचा रंगच उडतो. एक्स्पोजर थोडं कमी ठेवलेलं बरं. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात हिरवटपणावर अजिबात भरवसा नको.

पिसं त्यानंतर. प्रौढ दक्षिणीचं डोकं आणि मान फिकट, अंग गडद. उत्तरीचा चेहरा फिकट असतो, पण माथा गडद राहतो, टोपी घातल्यासारखा. अंगावर तुरळक काळी पिसं असलेला जवळजवळ पांढरा पक्षी दिसला तर प्रश्नच मिटला: पांढरा मॉर्फ (रंगप्रकार) फक्त दक्षिणीत असतो. कोवळे पक्षी दोन्हींचे काळपटच, डोळेही गडद. तिथे चोचीशिवाय दुसरा आधार नाही. आकारावरून तर ठरवूच नका. नर मादीपेक्षा चांगलाच मोठा असतो, म्हणून शेजारी बसलेले लहान-मोठे पक्षी बहुधा एकाच प्रजातीचे.

जागेचीही मदत होते. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर घरटी दक्षिणीचीच, न्यूझीलंडच्या चॅथम बेटांवर उत्तरीची. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर दोघंही आहेत, पण उत्तरी साधारण सहा आठवडे आधी अंडं घालतो. अंडं एकच. तरीही तिथे संकर झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा टोकाचा रंग अधलामधला वाटला, तर नोंदवहीत नुसतं ‘जायंट पेट्रेल’ लिहावं.