ठाणे खाडीतले रोहित: लेन्सआधी तिथी बघा

ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आणि इतर पक्ष्यांचे फोटो काढायचे तर आधी पंचांग उघडावं, बॅग नंतर भरावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब इथे छान उपयोगी पडतो. आम्ही मार्चमधली सप्तमी धरली. म्हणजे भरती पहाटे सव्वापाचच्या सुमारास, आणि ऊन कोवळं असताना ओसरतं पाणी. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी आसपासच्या तळ्यांवर जाऊन बसतात. पुरती ओहोटी लागली की बोट चालत नाही. मधला वेळ काय तो आपला.

बोटी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटतात. वेळा भरतीप्रमाणे बदलतात, त्यामुळे आधी चौकशी करून बुकिंग करा. शनिवार-रविवारी गर्दी असते, जमलं तर मधला वार घ्या. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला.

खारफुटी मागे पडली आणि समोर गुलाबी पट्टा दिसायला लागला. "मामा, इंजिन बंद करता का जरा?" म्हटल्यावर बोटवाल्या मामांनी लगेच केलं. बोट आपसूक सरकत राहिली आणि थवा चरतच राहिला. जवळचा लहान रोहित चोच उलटी करून पाण्याच्या पृष्ठभागावरून डावी-उजवीकडे फिरवत होता. गर्द लाल, जवळजवळ काळी चोच. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. फोटोत ओळख पटवायला ही खूण पुरते. कडेला गॉडविट हे लांब चोचीचे पक्षी डोळ्यांपर्यंत चोच चिखलात खुपसत होते. शेकाटे आणि तुतवारही होते, पण गॉडविटवरून माझी नजर हटेना.

सकाळचं ऊन नवी मुंबईच्या बाजूने येतं, तेव्हा भांडुपकडे तोंड करून बसा, पक्ष्यांवर समोरून उजेड पडतो. खालीच बसा, उभं राहिलं की बोट डुलते आणि कोनही बिघडतो. ट्रायपॉड घरी ठेवा. 100-400 किंवा 150-600 मिमीची झूम लेन्स हातात धरून, शटर 1/1600 सेकंद किंवा त्याहून वेगवान. चिखल काळपट आणि पिसं पांढरट, त्यामुळे कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो आणि पिसांवरचे बारकावे जळतात. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या.

आमच्याच बोटीत कुणीतरी "थवा उडवा ना, फोटो मस्त येईल" असा आग्रह धरला. कृपा करून हे करू नका. रोहिताला उडायला आधी पाण्यावर धावावं लागतं, त्यात शक्ती जाते. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडावर चिखलात चरणारे बरेच पक्षी लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात आणि चिखल उघडा असतो तेवढाच त्यांचा जेवणाचा वेळ. पाणी ओसरताना काही पक्षी आपणहून जागा बदलतात. कॅमेरा तयार ठेवा, उड्डाणं तशीही मिळतात.

टोपी, पाणी आणि लेन्स पुसायला मऊ कापड हवंच. खाडीचं पाणी उडतं. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी करल्यू सँडपायपर शोधावा. थंडीत राखाडी दिसणारा हा पक्षी तेव्हा विटकरी होत असतो, कारण त्याला सायबेरियाच्या उत्तर टोकाला विणीसाठी जायचं असतं.