झाडाखाली ट्रेलर, उन्हात पॅनेल : सोलापूरकडचे पाच दिवस

रात्री साडेदहाला फ्रिजचा लाल दिवा लुकलुकला आणि फ्रिज गप्प झाला. पंखा तर तासाभरापासूनच रेंगाळत फिरत होता. बाहेर बाजेवर बसलेले मामा म्हणाले, "जावईबापू, एवढं घर ओढत आणलाव आन् त्याला वारं न्हाई व्हय?"

मामा म्हणजे बायकोचे मामा. त्यांचं शेत मोहोळच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. मार्चचा तिसरा आठवडा होता. ज्वारीची काढणी उरकून कडब्याच्या गंजी लागल्या होत्या. पुण्याहून सकाळी निघून, गाडीमागे राहण्याचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढत असल्यामुळे ताशी साठच्या वर न जाता, जेवणखाण धरून साडेपाच तासांत पोचलो होतो. आमचा बेत असा : दोन रात्री शेतावर, एक सोलापुरात, मग हत्तरसंग कुडल आणि नळदुर्ग करून परत. निघताना ट्रेलरची बॅटरी अर्धीच भरलेली होती. त्याची काळजी मी केली नाही, कारण साडेपाच तास गाडी चालणार म्हणजे वाटेत बॅटरी भरणारच, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब कुठे चुकला ते दुसऱ्या दिवशी सकाळी मल्टिमीटर आणि टोंगटेस्टर (वायरीला चिमटून करंट मोजायचं यंत्र) घेऊन बसलो तेव्हा कळलं. इंजिन चालू ठेवून गाडीच्या बॅटरीवर मोजलं तर १४.१ व्होल्ट. ट्रेलरच्या बॅटरीवर मोजलं तर १३.२. मधले ०.९ व्होल्ट वायरने खाल्ले होते. ट्रेलर बांधणाऱ्याने चार्जिंगसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती, घरातल्या प्लग पॉइंटला टाकतात तसली. गाडीच्या बॉनेटपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत आठ मीटर जाणं आणि आठ मीटर येणं, म्हणजे सोळा मीटर. तेवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.१२ ओहम भरतो. सात अँपिअर वाहिले की पाऊण-एक व्होल्ट तिथेच संपतो. त्या सातातले चार अँपिअर फ्रिजच घेत होता, बॅटरीच्या वाट्याला तीन येत होते. साडेपाच तासांचे मिळून सोळा-सतरा अँपिअर-तास, आणि बॅटरी आहे १५० ची. समुद्रात लोटाभर पाणी ओतल्यासारखं झालं.

आधी आमचा रोजचा खर्च सांगतो, कारण बहुतेक जण तोच मोजत नाहीत. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो, त्याचे दिवसाला ६०० वॉट-तास (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). बारा व्होल्टचे दोन पंखे रात्रभर, ४०० च्या आसपास. दिवे, पाण्याची मोटर, मोबाईल आणि लेकीचा लॅपटॉप मिळून दीडशे-दोनशे. सगळे मिळून बाराशे झाले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर (लेड-अ‍ॅसिड जातीची) बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार नेली तर ती लवकर मरते. म्हणजे हातात फक्त नऊशे. एक रात्र आणि अर्धा दिवस काढता येतो, पुढे बाहेरून काही आलंच पाहिजे.

बाहेरून यायला छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल आहे. पण ट्रेलर उभा होता मामांच्या कडुलिंबाखाली. सोलापूरच्या उन्हात कुणीही शहाणा माणूस गाडी झाडाखालीच लावणार. उन्हात लावलेला ट्रेलर दुपारी भट्टी होतो आणि फ्रिज क्षणभर थांबत नाही. पॅनेलला मात्र नेमकं उलटं हवं असतं. आणि "थोडीशी सावली, त्याने काय होतंय" असं म्हणू नका. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावली दोन-चार सेलांवर पडली तरी पॅनेलचा एक अख्खा भाग बाजूला पडतो. लिंबाच्या झिरमिळ्या सावलीत माझं २०० वॉटचं पॅनेल भर बाराला १८ वॉट देत होतं.

यावरचा उपाय मी पूर्वीच विकत घेतला होता आणि ओझं नको म्हणून दोन सहली घरीच ठेवला होता. या वेळी लेकीच्या हट्टामुळे तो सोबत होता. १६० वॉटचं, घडी होणारं, सुटं पॅनेल आणि त्याला दहा मीटर लांब, ६ चौरस मिलिमीटरची केबल. ट्रेलर लिंबाखालीच ठेवला, पॅनेल नेऊन मोकळ्या रानात मांडलं. चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून भरणारा डबा) पॅनेलपाशी न ठेवता बॅटरीपाशी ठेवा. पॅनेलचा व्होल्टेज जास्त असतो, त्यामुळे लांब केबलमधली गळती त्या बाजूला सोसते, बॅटरीच्या बाजूला सोसत नाही.

१६० वॉटचं पॅनेल १६० वॉट देईल अशी आशा मात्र धरू नका. तो आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा असतो. मार्चच्या दुपारी काच हात लावू देत नव्हती, सेल साठ-पासष्टला असणार. पंचविसाच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे चाळीस अंशांना सोळा टक्के गेलेच. मला दुपारी बाराला १२० वॉट मिळत होते आणि सकाळी साडेदहाला, ऊन तिरपं असूनही, जवळजवळ तेवढेच. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हाही पॅनेल जोरात चालेल हा भ्रम आहे, उष्णता तो फायदा खाऊन टाकते. उलट संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणार असाल तर हवा थंड, पण सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला, जमिनीपासून पन्नास अंशांवर. तेव्हा पॅनेल आडवं टाकलं तर वीस-बावीस टक्के घालवता. दक्षिणेकडे तोंड करून मागच्या बाजूला विटा लावा, तेवढं पुरतं.

विटा असोत नसोत, पॅनेल बांधा. दुसऱ्या दिवशी तीन वाजता रानातून वावटळ आली आणि माझं पॅनेल कोलांटी मारून ढेकळांत उपडं पडलं. काच वाचली, चौकट वाकली. तेव्हापासून दोन खुंट्या, सुतळी आणि खाली पाण्याचा वीस लिटरचा कॅन. आणि धूळ! शेजारच्या रानात मळणी चालू होती, दोन तासांत काचेवर भुसकटाचा थर बसला. पुसा, पण सकाळी, काच गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. ओल्या सोलापुरी टॉवेलने पुसलं की काम झालं. बायकोने तो टॉवेल नंतर परत घेतला नाही.

शेतावरच्या लाइटबद्दल. मामांच्या घरात सिंगल फेज आहे. संध्याकाळी सात वाजता ट्रेलरच्या बॅटरीचा चार्जर लावला तर तो क्लिक करून बंद पडला. मोजलं तर १७० व्होल्ट. सगळ्या वस्तीचे दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू, बिचारा ट्रान्सफॉर्मर काय करणार? मामा म्हणाले, "आत्ता नगा लावू. रातच्याला मी दारं धराया उठतोय, तवा उठवतो तुम्हाला." रात्री दोनला खरंच उठवलं. ते मोटर चालू करायला विहिरीकडे गेले, मी मीटर लावला : २३२. चार्जर सकाळी सातपर्यंत चालला. ज्यांना मामा नाहीत त्यांनी टायमर सॉकेट घ्यावं.

दुसऱ्याच्या घरून लाइट घेताना माझे काही नियम आहेत. आधी टेस्टरने फेज आणि अर्थिंग तपासायचं, वस्तीवर अर्थिंगच्या पिनमागे बरेचदा काहीच नसतं. ट्रेलरमध्ये स्वतःचा आरसीसीबी (करंट गळताच लाइट तोडणारा स्विच) हवाच. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण सोडायचं, गुंडाळलेलं ठेवून लोड दिला तर आत तापून वितळतं. सोळा अँपिअरचा प्लग शेतघरात बसेलच असं नाही, म्हणून सहाची पिन लावायचं अडॅप्टर ठेवा, पण मग चार्जर सोडून दुसरं काही लावायचं नाही. आणि पैसे विचारा. रात्रभराचं चार्जिंग एक-दीड युनिटच्या आत असतं, पण विचारलं नाही तर पुढच्या माणसाला फाटक बंद मिळतं. मामांनी अर्थातच घेतले नाहीत, उलट कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली.

सोलापुरात शिरल्यावर पहिलं काम वायरचं. होटगी रोडच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने २.५ ची वायर पाहून विचारलं, "कुणी टाकली बे ही?" त्याने १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल टाकली, टोकांना लग (बोल्टला अडकवायच्या कड्या) नीट दाबून बसवले, आणि दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर ६० अँपिअरचे फ्यूज बसवले. फ्यूज दोन्हीकडे हवेत, कारण वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. परतीची वायरही वेगळी टाकून घेतली. आधी अर्थ ट्रेलरच्या हुकातून यायचा, म्हणजे ग्रीस आणि गंजातून. माझी गाडी जुनी आहे, तिचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) चौदा व्होल्टच्या वर टिकतो. बीएस-सहाच्या बऱ्याच गाड्यांत तो गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो. तिथे जाड वायर टाकूनही भागत नाही, व्होल्टेज पुन्हा वाढवून बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावाच लागतो.

त्या इलेक्ट्रिशियननेच ट्रेलरच्या बॅटरीची खोकी उघडली. दिवाणाखाली, हवा नाही, आत ४४ अंश. सहाही कप्प्यांत पाणी खाली गेलेलं. कंट्रोलर १४.४ व्होल्टने भरत होता, तो आकडा २५ अंशांचा. एवढ्या उष्णतेत दर अंशाला २०-२५ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे १४ च्या आसपास. तापमानाचा सेन्सर डब्यातच होता, न उघडलेल्या पाकिटात. तो बॅटरीला चिकटवला. खोकीला वर-खाली दोन भोकं पाडून जाळी लावली, चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो कोंडून ठेवायचा नसतो. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर, खुणेपर्यंतच. दुकानातला पोरगा "आरओचं चालतंय की" म्हणाला. नाही चालत.

लिथियम का नाही घेत, असं हल्ली सगळे विचारतात. शंभर अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी जेमतेम बारा-तेरा किलोची असते आणि हजाराच्या वर वॉट-तास सहज देते. माझी ट्यूब्युलर पन्नासच्या वर आहे. पण साधारण ४५ अंशांच्या पुढे बऱ्याच लिथियम बॅटऱ्या चार्जिंग नाकारतात. दिवाणाखालची जागा बदलेपर्यंत माझ्यासाठी ती घाई आहे.

मुक्कामासाठी शहरात मंगल कार्यालय विचारा. लग्नाची तिथ नसेल तर अंगण मोकळं, फाटकाला राखणदार, आणि मंडपवाल्यांसाठी बसवलेले दणकट सोळा अँपिअरचे पॉइंट. आम्हाला तसंच मिळालं. संध्याकाळी भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचं तळं पायी पाहिलं.

हत्तरसंग कुडल चुकवू नका. भीमा आणि सीनेचा संगम, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख असलेलं संगमेश्वराचं देऊळ, आणि ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग. तिथे आम्ही रात्र काढली नाही, पण दुपारचे चार तास सुटं पॅनेल नदीकडच्या मोकळ्या जागेत ठेवून सव्वाचारशे वॉट-तास मिळवले. नळदुर्गला मार्चमध्ये धबधबे कोरडे असतात, किल्ल्यातला पाणीमहाल तरी बघून या.

एक सवय मात्र लावून घ्या : व्होल्टेज पहाटे बघायचा. चार्जिंग चालू असताना मीटर नेहमी खूश असतो आणि फ्रिज चालू असताना नेहमी रडतो. सगळं बंद करून तासभर थांबा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली फ्रिजचं झाकण बंद आणि बर्फ विकत.

परतताना टेंभुर्णीला चहाला थांबलो, इंजिन चालू ठेवून ट्रेलरच्या टोकाला मीटर लावला. १३.८, आणि वीस अँपिअर आत जात होते. लेकीने फ्रिजमधून ताकाची बाटली काढली. मामांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "मग उन्हाळ्यात या की, आंबं असत्यात."