पहाटे ५:३० चं उड्डाण

अंतराळ उड्डाणांच्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये वेळ बरोब्बर पहाटे ५:३० दिसली, तर गजर लावू नका. झोपा. जानेवारीत नाशकात सूर्य सातनंतर उगवतो, आणि निफाडकडून येणाऱ्या त्या गारठ्यात साडेपाचला रजईबाहेर हात काढणंसुद्धा शिक्षा असते. एवढी एक गोष्ट समजायला मला दोन हिवाळे लागले, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

हे ५:३० येतात कुठून? उड्डाणांच्या वेळापत्रकाच्या माहितीसाठ्यात प्रत्येक नोंदीला तारीख आणि वेळ असे दोन्ही रकाने भरावेच लागतात. वेळ ठरलेली नसली तरी रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणून तिथे ००:०० युटीसी भरतात. युटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. फोन इमानेइतबारे बेरीज करतो आणि आपल्याला ५:३० दाखवतो. लंडनमधल्या माणसाला हिवाळ्यात शून्य शून्य दिसतं, त्याला लगेच कळतं की रकाना रिकामा आहे. आपल्याला मात्र अगदी खरी वाटणारी पहाटेची वेळ दिसते. बरं, श्रीहरिकोट्याहून पहाटे उड्डाणं होतच नाहीत असंही नाही. पीएसएलव्ही-सी६१ ची वेळ १८ मे २०२५ ला सकाळी ५:५९ होती, आणि एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह घेऊन जाणारं जीएसएलव्ही-एफ१५ २९ जानेवारी २०२५ ला सकाळी ६:२३ ला उडालं. म्हणून ५:३० वर संशय येत नाही.

तारखेचंही तेच. फक्त महिना ठरलेला असेल तर कित्येक ठिकाणी महिन्याचा शेवटचा दिवस भरतात. मग ३१ तारखेला पहाटे ५:३० ला चार देशांची पाच रॉकेटं एकदम उडताना दिसतात. असा घोळका दिसला की समजायचं, यातलं एकही ठरलेलं नाही. मूळ साठ्यात ‘ही वेळ किती पक्की’ सांगणारा वेगळा रकाना असतो: महिना, दिवस, तास, मिनिट. चांगली अ‍ॅप्स तो वाचतात आणि नुसतंच ‘जानेवारी’ लिहितात. मी वापरत होतो ते अ‍ॅप तो रकाना वाचतच नव्हतं. तक्रार केल्यावर उत्तर आलं, फोनचं टाइम झोन तपासा. टाइम झोन बरोबर होतं म्हणूनच तर ५:३० येत होते! नाव घेत नाही, पण अ‍ॅप त्याच दिवशी काढून टाकलं.

खरी वेळ ओळखायची खूण सोपी आहे: ती सहसा गोल आकड्यात नसते. ५:५९, ६:२३, १२:०१ अशी वाकडी वेळ आली म्हणजे कुणीतरी कक्षेचं गणित मांडलेलं आहे.

तारखेपुढे ‘नेट’ (NET) लिहिलेलं असेल तर तो ‘नो अर्लियर दॅन’चा संक्षेप, म्हणजे या तारखेआधी नाही. नंतर कधी, ते त्यात कुठेच नाही. लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखं ते वाचू नका.

युटीसीचं भारतीय वेळेत रूपांतर करताना साडेपाच मिळवण्यापेक्षा सहा तास मिळवून अर्धा तास वजा करणं डोक्याला सोपं पडतं. ०६:३१ चे १२:३१, त्यातून तीस मिनिटं गेली की १२:०१. शिवाय युटीसी १८:३० ही आपली मध्यरात्र. त्यापुढची कोणतीही वेळ दिसली की तारीख एकाने वाढवायची. फ्लोरिडातलं संध्याकाळचं उड्डाण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे येतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येतात. त्यामुळे फ्लोरिडा आणि आपल्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग उड्डाणतळासाठी साडेबारा आणि साडेतेरा. बातम्यांत जुलै महिन्यातही बिनधास्त ‘ईएसटी’ (तिथली हिवाळ्यातली वेळ) लिहितात, तिथे ‘ईडीटी’ (उन्हाळ्यातली) हवं. शब्दावर विश्वास ठेवला की तासाभराची चूक ठरलेली. फ्रेंच गयानातल्या कुरूचं, म्हणजे युरोपच्या उड्डाणतळाचं, बरं आहे, तिथे वर्षभर साडेआठ तासांचाच फरक.

कॅलेंडरमध्ये नोंद करताना युटीसीऐवजी लंडनचा टाइम झोन निवडू नका, उन्हाळ्यात तेही तासभर सरकतं. जगाच्या घड्याळात युटीसी मिळत नसेल तर रेक्याविक लावा. आइसलँड घड्याळं हलवत नाही, वर्षभर युटीसीवरच असतं.

अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या उड्डाणांचं मात्र वेगळं गणित आहे, आणि ते कळल्यापासून मला लांबणीवर पडलेल्या उड्डाणाची नवी वेळ जाहीर व्हायच्या आधीच काढता येते. (थोडी मिजास आहे, असू दे.) शुभांशु शुक्ला यांचं अ‍ॅक्सिअम-४ घ्या. २९ मे, ८ जून, १० जून, ११ जून, १९ जून, २२ जून करत ते २५ जून २०२५ ला गेलं. यातल्या १० जूनची भारतीय वेळ होती संध्याकाळी ५:५२, ११ जूनची ५:३०, २२ जूनची दुपारी १:१२ आणि २५ जूनची १२:०१. म्हणजे पंधरा दिवसांत ३५१ मिनिटं अलीकडे, रोज साधारण साडेतेवीस. स्थानकाच्या कक्षेचं प्रतल, म्हणजे ती कक्षा ज्या सपाट पातळीत असते ती, हळूहळू फिरत असतं, आणि पृथ्वीबरोबर फिरणारा उड्डाणतळ त्या प्रतलाखाली रोज तेवढा लवकर येतो. त्या क्षणी उडालं तरच इंधनाच्या माफक खर्चात स्थानक गाठता येतं. म्हणून असं उड्डाण ‘दहा मिनिटं उशिरा’ होत नाही. चुकलं की तो दिवस गेला. आणि हो, ११ जूनचे ते ५:३० संध्याकाळचे, आणि खरेखुरे होते. नियमाला अपवाद मिळाला तोही नेमका याच मोहिमेत.

इस्रोच्या उड्डाणांना मी गजर लावतो तो उलटी गणती सुरू झाल्याची बातमी आल्यावरच. ती साधारण २४ ते २७ तासांची असते. तरी हमी नाहीच. चंद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला पहाटे २:५१ ला होतं, ते ५६ मिनिटं २४ सेकंद बाकी असताना थांबलं आणि २२ जुलैला दुपारी २:४३ ला झालं. गगनयानच्या चाचणी-रॉकेटचं उड्डाण, म्हणजे टीव्ही-डी१ चाचणी, २१ ऑक्टोबर २०२३ ला आठची साडेआठ, मग पावणेनऊ झाली, पाच सेकंद उरले असताना थांबली आणि दहा वाजता पार पडली. ‘होल्ड’, म्हणजे उलटी गणती थांबवली, असं ऐकू आलं की टीव्ही बंद करायचा नाही, हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं. अंतराळात दोन उपग्रह जोडण्याच्या स्पेडेक्स मोहिमेच्या वेळी, ३० डिसेंबर २०२४ ला, रात्री ९:५८ चं उड्डाण दोनच मिनिटं पुढे गेलं, कारण वाटेत दुसऱ्या उपग्रहांच्या जवळ जाण्याचा धोका होता.

जाहीर तारखेच्या आधी सुगावा हवा असेल तर वैमानिकांसाठी निघणाऱ्या नोटॅम सूचना बघा. बंगालच्या उपसागरावरचा हवाई पट्टा विमानांना बंद केलेला असतो. त्यात दहा आकडे सलग असतात. समजा २६०११०११३० असं लिहिलं असेल, तर वर्ष २६, महिना ०१, तारीख १०, वेळ ११:३० युटीसी, म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. बंदी रोज काही तासांची असते आणि बरेच दिवस राखून ठेवतात, त्यामुळे यावरून मिनिट कळत नाही. शिवाय ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात, त्यांच्याही सूचना अशाच दिसतात. पट्ट्याचं टोक १३°४३' उत्तर, ८०°१४' पूर्व याच्या आसपास सुरू होत असेल तर ते श्रीहरिकोटा.

श्रीहरिकोट्याला प्रत्यक्ष जायचं असेल तर प्रेक्षक गॅलरीची ऑनलाइन नोंदणी उड्डाणाच्या काही दिवस आधीच उघडते, आणि रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी. या दोन्हींचा मेळ बसत नाही. परतावा मिळेल असंच तिकीट काढा, चेन्नईला एक-दोन दिवस हाताशी ठेवा, मूळ ओळखपत्र विसरू नका. जवळचं स्टेशन सुलुरुपेटा.

गच्चीवरून दिसेल का, असं गल्लीत दर वेळी कुणीतरी विचारतंच. नाही दिसत. नाशिक ते श्रीहरिकोटा सरळ रेषेत हजारेक किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रॉकेट ७५ किलोमीटरच्या वर गेल्याशिवाय आपल्या क्षितिजावरच येत नाही, आणि तोवर ते समुद्रावर आणखी लांब गेलेलं असतं. आग्नेयेच्या धुरकट क्षितिजात काही शोधत बसू नका.

थेट प्रक्षेपणाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. पानावर दिसणारी वेळ प्रसारण सुरू व्हायची असते, उड्डाण त्यानंतर अर्ध्या तासाने, कधी दोन-तीन तासांनी. आणि यूट्यूबवर स्पेसएक्सच्या नावाने ‘लाइव्ह’ चालू असेल, कोपऱ्यात क्यूआर कोड असेल, बिटकॉइनसारखी आभासी नाणी दुप्पट करून देतो म्हणत असतील, तर ती फसवणूक आहे. २०२३ पासून स्पेसएक्स स्वतःचं थेट प्रक्षेपण एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) करते. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हे आवर्जून सांगून ठेवा, त्यांना तो कोड स्कॅन करायचा मोह लवकर होतो.