पाच मिलिमीटर मोठी पुली: आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपमधल्या काचेच्या कपाटात दोन पुल्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक काळी, किटबरोबर अमेरिकेतून आलेली, 85 मिलिमीटर व्यासाची. दुसरी पांढुरकी, इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरातच लेथवर काढलेली, 90 मिलिमीटरची. नवीन गिऱ्हाईक आलं की मोठीकडं बोट दाखवून विचारतं, "ही जास्त ताकदीची काय?" उलटं आहे. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा, पट्ट्यावर फिरणारा ब्लोअर. त्याच्या तोंडावरची पुली जेवढी मोठी, तेवढा ब्लोअर सावकाश फिरतो आणि दाब कमी होतो. गाडीची ताकद वाढवून द्यायचा आमचा धंदा, आणि आम्ही स्वतः बनवलेली पहिली वस्तू ताकद थोडी उतरवणारी आहे. मला तिचा अभिमान आहे. ती कशी झाली हे सांगायचं तर आबांपासून सुरुवात करायला पाहिजे.

आबा 1974 साली उद्यमनगरात एका पत्र्याच्या शेडमध्ये ऑइल इंजिन दुरुस्तीला बसले. तेव्हा उसाला पाणी पाजायला डिझेल इंजिन, गुऱ्हाळाचा चरक ओढायलाही डिझेल इंजिन. दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली, की शेडच्या दारात इंजिनांची रांग लागायची. आबांचा हात बसला होता तो पंप आणि नोझलच्या कामावर. नोझल हँडपंपावर चढवायचे, दांडा दाबायचे आणि उजेडाकडं तोंड करून फवारा बघायचे. फवारा धुक्यासारखा बारीक पाहिजे आणि तुटताना चर्रकन तुटला पाहिजे. टोकाला एक थेंब लोंबला तरी नोझल बाजूला. मग इंजिन सुरू करून धूर बघायचा. काळा धूर असेल तर डिझेल जास्त झालंय नाहीतर हवा कमी पडतेय, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर डिझेल कच्चंच बाहेर पडतंय. "इंजनाला घास किती नि श्वास किती, एवढंच बघायचं बघ," असं म्हणायचे. आज मी लॅपटॉपवर जे करतो ते याहून वेगळं नाही, असं मला मनापासून वाटतं.

मी 1998 ला डिप्लोमा करून शेडमध्ये आलो. तोवर शिवारात विजेच्या मोटारी बसल्या होत्या, ऑइल इंजिनाचं काम वर्षागणिक आटत होतं. आम्ही जीपच्या, टेम्पोच्या पंपांकडं वळलो, मग कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल इंजिनं आली, स्कॅनर घेतला. त्या दहा-बारा वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. कर्ज होतं आणि ते फेडलं. पण गाडीचा कॉम्प्युटर उघडून त्यातले तक्ते वाचायची गोडी मला त्याच काळात लागली. किती हवेला किती इंधन द्यायचं, ठिणगी किती अंश आधी टाकायची, सगळं आकड्यांत मांडलेलं. आबांच्या कानात जे होतं ते इथं ओळी-रकान्यांत लिहिलेलं होतं.

2016 मध्ये फोर्डनं मस्टँग जीटी भारतात अधिकृतपणे आणली. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, उजव्या हाताचं स्टिअरिंग, सुमारे 395 अश्वशक्ती. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग मालकांनी ती घेतली. शेठजींचे वडील आबांचे जुने गिऱ्हाईक, त्यामुळं विश्वास आधीपासूनचा. 2018 च्या सुरुवातीला ते गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "हिला सुपरचार्जर बसवायचाय. ड्रॅग रेसला न्यायची आहे. मुंबईला देत नाही, तुम्हीच करायचं." नाही म्हणायला हवं होतं का, हा विचार त्या वर्षी मी अनेकदा केला.

सुपरचार्जरचं नाव ऐकून लोक बिचकतात, पण आमच्या गावाला ब्लोअर काही नवा नाही. फौंड्रीत क्युपोलाला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला, हवा मारायला ब्लोअर लागतोच, तो आवाज शिरोलीत लहानपणापासून ऐकलेला. मोटारीतल्या या ब्लोअरचा मूळपुरुषही कारखान्यातलाच. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढं तो भट्ट्यांना हवा द्यायला वापरला गेला. शेठजींच्या किटमधला ब्लोअर ईटनच्या टीव्हीएस जातीचा होता. चार पाकळ्यांचे दोन पीळदार रोटर एकमेकांना न शिवता फिरतात आणि दर फेऱ्याला 2.3 लिटर हवा पुढं ढकलतात. इंजिनाची मापं 4,951 सीसी. चार स्ट्रोकचं इंजिन, म्हणून क्रँकच्या एका फेऱ्यात ते साधारण अडीच लिटर हवा ओढतं. आता खालची क्रँकची पुली वरच्या पुलीच्या जवळपास दुप्पट, म्हणजे त्याच एका फेऱ्यात ब्लोअर साडेचार लिटरच्या आसपास हवा आणून ओततो. ती मावत नाही, म्हणून दाबली जाते. दाबली की तापते. तिला गार करायला मॅनिफोल्डमध्ये पाण्याचा इंटरकूलर आणि गाडीच्या नाकाशी त्याचा वेगळा रेडिएटर. सगळं गणित असं उघडं आहे, लपवण्यासारखं काही नाही.

बसवायला आम्हाला नऊ दिवस लागले. प्लग एक पायरी थंड जातीचे, गॅप कमी केलेली, इंजेक्टर मोठे. इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीचा ब्रॅकेट आपल्या उजव्या हाताच्या गाडीत नीट बसेना, तो आम्ही पत्रा वाकवून इथंच केला. ट्यूनची फाइल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरात भरायचे नवे तक्ते, किटवाल्यांकडून ईमेलनं आली होती, वर स्पष्ट लिहिलेलं: 91 ऑक्टेनसाठी. पेट्रोल दाबाखाली अवेळी न पेटता किती तग धरतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. आपल्या पंपावर तेव्हा साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचंच मिळायचं. जुळलं म्हणून आम्ही टाकी भरली आणि गाडी ट्रेलरवर चढवून पुण्याला डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजायच्या यंत्रावर, नेली.

इथं चूक झाली आणि ती पूर्णपणे माझी. अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहितात तो दोन चाचण्यांची सरासरी असतो. एक रिसर्च ऑक्टेन, दुसरी मोटर ऑक्टेन. आपल्याकडं फक्त रिसर्च ऑक्टेन लिहितात आणि ते नेहमी जास्त भरतं. त्यांचं 91 म्हणजे आपलं साधारण 95-96. आपलं 91 त्यांच्या हिशेबात 87 च्या आसपास बसतं. मी दोन्ही 91 एकच धरले. माहिती शोधली असती तर पाच मिनिटांत मिळाली असती.

पहिल्या पुललाच, म्हणजे पूर्ण थ्रॉटलच्या पहिल्या फेरीलाच, लॉगमध्ये दिसलं की कॉम्प्युटर ठिणगी सहा-सात अंश मागं घेतोय. नॉक म्हणजे पेट्रोल आत अवेळी पेटून बसणारे धक्के, आणि नॉक सेन्सर ते ओरडून सांगत होता. डायनोच्या पंख्यांचा आवाज एवढा, की कानाला काही कळलं नाही, आणि स्क्रीनवरच्या त्या रकान्याला मी 'पहिल्यांदा चालतंय, स्थिरावेल' असं समजलो. आणखी दोन पुल मारले. तिसऱ्याला ताकदीची रेघ वर जाताना मधेच लटपटली. गाडी थांबवून प्लग काढले. आठ नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक चमकदार कण होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघायची चाचणी, केली तेव्हा त्या सिलिंडरमधली हवा सरळ क्रँककेसमध्ये फुसफुसत होती. इंजिन उघडल्यावर दिसलं, वरच्या दोन रिंगांमधली पिस्टनची कड तडकली होती.

शेठजींना फोन करताना माझा हात कापत होता. ते शांतपणे म्हणाले, "चूक तुमची का किटची?" मी म्हटलं, "माझी." ते म्हणाले, "मग दुरुस्त करा." पिस्टन, रिंगा, गास्केट, मजुरी, सगळा खर्च वर्कशॉपनं केला. त्या वर्षी कॉमन रेलच्या कामातून जे उरलं होतं ते सगळं त्यात गेलं. बायकोनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, हे मी विसरणार नाही.

आबा तेव्हा सत्तरी पार केलेले, दुपारी तासभर येऊन बसायचे. तो प्लग त्यांनी हातात घेतला, उजेडाकडं धरून फिरवला, अगदी नोझल बघायचे तसा. म्हणाले, "घास वाढवलास, श्वास वाढवलास. पर गाव कुठलं हे इचारलंस का इंजनाला?" मग पुलीकडं बघून विचारलं, "ही एवढीच का ठेवायची?"

त्या प्रश्नातून पांढरी पुली निघाली. 85 ऐवजी 90 केली तर ब्लोअरचे फेरे साडेपाच टक्क्यांनी उतरतात आणि आमच्या हिशेबानं एक-सव्वा पीएसआय दाब कमी होतो. आठ दातांचा पट्टा, दोन दातांमधलं अंतर 3.56 मिलिमीटर, बाजूंचा कोन 40 अंश. आमच्या शेजारच्या शेडमधल्या टर्नर मामांनी ॲल्युमिनियमच्या बारमधून ती काढली. पहिली दोन त्यांनी स्वतःच बाजूला टाकली. एकीत चार शतांश मिलिमीटरचा डगमग होता, दुसरीत तळाशी हत्याराची खूण राहिली होती. दहा हजारांच्या पुढं फेरे घेणाऱ्या शाफ्टवर ती खूण पट्टा खाते. तिसरी त्यांनी पूर्ण थंड होऊ दिली, मगच मापली आणि कापडात गुंडाळून दिली. पैसे दोन जास्तीच्या बारचे लावले नाहीत.

मग ट्यून. त्याचे दोन महिने लिहायचे तर जागा पुरणार नाही, पण काही गोष्टी सांगतो, कारण लोक ट्यून म्हणजे एक बटण समजतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथं हवेचा दाबच किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी, म्हणून मुंबईच्या गाडीवर जो बूस्ट, म्हणजे ब्लोअरचा जास्तीचा दाब, दिसतो तो इथं दिसत नाही. तो दिसावा म्हणून कुणी पुली लहान करायला सांगितलं तर ऐकू नये. आम्ही इंधन 95 चं ठरवलं आणि पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा, 0.80 च्या आसपास ठेवला. जास्तीचं पेट्रोल तिथं थोडं थंड करायच्या कामी येतं. ठिणगी सुरुवातीला मुद्दाम मागं ठेवली आणि एकेक अंश पुढं आणली, दर वेळी नॉकचा रकाना बघून, दर वेळी प्लग काढून. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पारा चाळिशीला टेकला असताना आत जाणारी हवा किती तापते ते नोंदवलं आणि त्या तापमानाला ठिणगी आपोआप मागं येईल असा तक्ता भरला. पुण्याच्या त्याच डायनोवर ब्लोअर नसताना चाकांवर 330 अश्वशक्ती भरली होती. मोठ्या पुलीवर 510 भरली, सलग पाच पुल, रेघ एकीवर एक बसलेली. मला आकड्यापेक्षा त्या एकीवर एक बसलेल्या रेघांचा आनंद जास्त झाला.

दुसरी गाडी यायला वर्ष गेलं. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, तिचे पार्ट सातारच्या बाजूला ट्रकमध्ये अडकले. मग लॉकडाउन. आता वर्षाला चार-पाच गाड्या करतो, त्याहून जास्त घेत नाही.

घेताना दोन अटी असतात आणि त्यावर आम्ही घासाघीस करत नाही. पहिली, याच इंजिनात ऑइल पंपाचे गिअर बदलायचेच. मूळचे गिअर सिंटर केलेले, म्हणजे धातूची भुकटी साच्यात दाबून भाजलेले असतात. मूळ ताकदीला ते व्यवस्थित पुरतात. पण ब्लोअर लावून वरच्या फेऱ्यांना धक्के बसले की ते तडकू शकतात, आणि तेलाचा दाब गेला की इंजिन काही क्षणांत संपतं. अखंड पोलादातून काढलेले गिअर बसवायला इंजिनाचं पुढचं अख्खं कव्हर उतरवावं लागतं. खर्च वाढतो, गिऱ्हाईक नाराज होतं. फौंड्रीच्या गावातल्या माणसाला भुकटीचा आणि अखंड पोलादाचा फरक समजवायला लागू नये, पण लागतो. दुसरी अट, गाडी ट्रॅकवरच न्यायची, ट्रेलरवरून. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानं गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही, विमाही अडतो. महामार्गावर मित्रांना दाखवायला पाहिजे म्हणणारी तरुण पोरं येतात, त्यांना चहा पाजून परत पाठवतो. हुपरी रस्त्यावर मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं जा म्हणून सांगतो. चार जण गेलेत, त्यातला एक आता आमच्याकडं शिकायला आहे. लॉग वाचण्यात तो माझ्यापेक्षा तिखट निघाला.

सध्या सगळा वेळ इथेनॉलमध्ये जातोय. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्यातलं काही आपल्याच जिल्ह्याच्या उसातून निघालेलं असणार. आबांनी ज्या उसाच्या पाण्याची इंजिनं दुरुस्त केली, तोच ऊस आता इंजिनाच्या टाकीत आलाय. ब्लोअरच्या गाडीला इथेनॉल चांगलं मानवतं, नॉकला आवर बसतो आणि ते उडताना हवा थंड करतं. पण तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. एक किलो शुद्ध पेट्रोलला हवा 14.7 किलो लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या जवळ. जुनी फाइल तशीच ठेवली तर पूर्ण थ्रॉटलला इंजिन उपाशी राहतं. म्हणून आतापर्यंत केलेली प्रत्येक गाडी परत बोलावली, फाइल नवीन भरून देतोय, त्याचे पैसे घेत नाही. इंजेक्टर कुठवर पुरतात हेही त्यात कळतंय. दोन गाड्यांना मोठे लागतील.

शेठजींची गाडी सोमवारी येतेय. ते पुन्हा काळी पुली लावू का विचारतायत, इथेनॉलनं जागा मिळाली ना म्हणून. मी त्यांना 87 ची एक काढून ठेवतो म्हणालोय. टर्नर मामांनी बार कापून ठेवलाय.